आयुधपूजेच्या रांगेतले बूट

आयुष्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती एका माणसाच्या उजव्या पायाची. हे सांगितलं की घरची मंडळी हसतात. हसू देत. तो पाय अंगावर येताना त्यांनी पाहिलेला नाही.

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. बेंगळूरच्या एका मोठ्या कारखान्यात मी तात्पुरता कामाला होतो. लेथवर माझा हात काही विशेष चालत नव्हता. कारखान्याचा फुटबॉलचा संघ होता आणि डाव्या कडेने मी बरा पळतो, एवढ्याच गुणावर मला आत घेतलं होतं. पहिल्या संघात जागा मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर बसवनगुडीत वडिलांच्या शिलाईच्या दुकानात जन्मभर पोलक्यांना काज करत बसायचं. वडिलांनी बजावून ठेवलं होतं, "दसऱ्याच्या आयुधपूजेपर्यंत बघतो. तोवर कायम झाला नाहीस तर मशीनवर बस. आणि पाय तेवढे धड घेऊन ये बाबा, मशीन पायानंच चालती."

संघाचे मॅनेजर दिवसा कारखान्याच्या ऑफिसात असत आणि संध्याकाळी पांढरी अर्धी चड्डी घालून मैदानावर येत. आम्ही त्यांना सर म्हणायचो. बोलणं कमी, तेही कन्नड आणि इंग्रजीची मिसळ. नव्या पोरांना तयार करायची त्यांची रीत एकच होती. नव्याला एका जुन्या खेळाडूसमोर उभं करायचं. त्याने चेंडू घेऊन जायचं, जुन्याने अडवायचं, अंधार पडेपर्यंत. नवा धीटपणे पुढे निघून जाईपर्यंत जोडी बदलायची नाही. शिकवणं वगैरे काही नाही.

माझ्या वाट्याला आला तो राईट बॅक, उजव्या बाजूने अडवणारा. बेंगळूरजवळच्या आनेकलचा, पस्तिशीकडे झुकलेला, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा. सगळ्या संघात घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. हे कळलं तेव्हा वाटलं, चला, आपला माणूस भेटला. मग कुणीतरी मला बाजूला घेऊन सांगितलं, की माझ्याआधी डाव्या कडेला जो लेफ्ट आऊट तयार होत होता, त्याची नडगी याच सरावात, याच्याच उजव्या पायाखाली मोडली. हाड मोडल्याचा आवाज म्हणे गेटवरच्या पहारेकऱ्यानेही ऐकला.

तो आधीचा पोरगा आता स्टोअरच्या खिडकीत बसून हत्यारं देत असे. पाय खोक्यावर सरळ ठेवलेला. मला रोज त्याच्याकडे ड्रिल मागायला जावं लागायचं. तो कधी कुरकुरला नाही, ड्रिल पुसून हातात द्यायचा. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सरांनी मला नवे बूट दिले. लहानपणापासून अनवाणी खेळलेला मी; त्या बुटांत पाय म्हणजे दोन विटा झाल्या. सर म्हणाले, पाण्यात भिजव आणि पायातच वाळव, म्हणजे कातडं पायाचा आकार घेतं. मी ओले बूट घालून स्वयंपाकघराच्या दारात बसलो. आई म्हणाली, "तळाला खिळे मारलेलं कातडं घालून चुलीसमोर बसतोस? अक्कल कुठं गहाण ठेवलीस रे?" मला तर ते बूट पायातून काढावेसेच वाटत नव्हते. नडगीवर तेवढंच काहीतरी कडक, असं उगाच वाटायचं.

रोज संध्याकाळी तेच व्हायचं. मी चेंडू घेऊन निघायचो, समोरून तो यायचा, आणि पाय भिडायच्या आत माझा पाय आपोआप उचलला जायचा. मी बाजूला उडी मारायचो, चेंडू कुठेतरी भलतीकडे. मग तो माझ्याकडे वळून विचारायचा, "लागलं काय रे, तम्मा?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, आमच्या बेंगळूरच्या मराठीत घरोघर चालणारा कन्नड शब्द. पण मला वाटायचं तो डिवचतोय. पाय लागलेलाच नाही हे त्याला दिसत नाही का? त्या रागाने मी त्याला कधी अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, म्हटलं नाही. संघातली सगळी पोरं म्हणत.

एकदा सरांनी मला जवळ बोलावलं. "भय आहे?" मी मान हलवून हो म्हटलं. "असू दे. पाय काढू नको." मनात म्हटलं, रेषेबाहेर उभं राहून बोलायला काय जातं.

सर संघाची यादी वाचत नसत. कारखान्यात आयुधपूजा जोरात व्हायची. प्रत्येक यंत्राला झेंडूच्या माळा, हळदकुंकू. आमचे सर शेडमध्ये केळीची पानं मांडून त्यावर फुटबॉलचे बूट ठेवत. पूजेत चामडं म्हणून जुने कामगार नाक मुरडत, पण सर ऐकत नसत. सुतार करवत पुजतो, खेळाडूचं हत्यार हेच. आदल्या दिवशी सगळ्यांनी बूट धुऊन द्यायचे. सकाळी ज्यांचे रांगेत दिसतील, तो पहिला संघ.

पूजेआधीचा शेवटचा सराव आला. धावताना दुकानातलं मशीनही दिसत होतं आणि खोक्यावरचा तो पायही. समोरून तो आला. मी डोळे गच्च मिटले आणि पाय तिथेच ठेवला. आता मोडतोय, आता मोडतोय.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा चेंडू माझ्याजवळ होता आणि मी त्याच्या पुढे निघून गेलो होतो. मागे वळून पाहिलं. तो जागच्या जागी उभा होता, उजवा पाय मागे ओढलेला, तोंड घामाने डबडबलेलं. पाय त्याने काढला होता. तो रोजच काढत असणार. मी आधी उडी मारत होतो म्हणून मला दिसलं नव्हतं. सरांना कडेवरून रोज दोघांचेही पाय दिसत होते. त्यांनी शिट्टी वाजवली नाही. "लागलं काय रे" असंही त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

सकाळी मी शेडमध्ये शिरलो. रांगेच्या टोकाला माझे बूट होते. त्याचे नव्हते, ते भिंतीवरच्या खिळ्याला नाडीने टांगलेले होते. आणि वयाने मोठा म्हणून हळदकुंकू लावायचं काम त्याच्याकडेच होतं. त्याने माझ्या बुटांना अंगठ्याने कुंकू लावलं, तळ उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "डाव्याचा खिळा वर आलाय. ठोकून घे."

नोकरी पक्की झाली होती. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुसून बसली होती: मी तयार झालो होतो तो पाय मागे घेणाऱ्या माणसासमोर. खरा टॅकल, चेंडूसाठी पायावर येणारा पाय, मला अजून बसलेलाच नव्हता.

पहिल्या सामन्यात समोरचा बॅक अनोळखी होता आणि तो पाय मागे घेणाऱ्यांतला नव्हता. मी चेंडू घेऊन गेलो. जीव मुठीत होता, पण पाय काढला नाही. नडगीवर फटका बसला आणि मी धुळीत आडवा झालो. पायाकडे बघायची माझी हिंमत होईना. आभाळाकडे बघत पडून राहिलो.

तेवढ्यात कुणाचे तरी हात नडगीवर आले. आमचा राईट बॅक होता तो. साध्या कपड्यांत, चपला कडेला टाकून, सरांच्याही आधी मैदानात धावत आला होता. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हाड चाचपत होता, परत वरून खाली, परत वरून.

"लागलं काय रे, तम्मा?"

"लागलं, अण्णा. मोडला नाही."

त्याला ते पटेना. रेफरी बाहेर जा म्हणून ओरडत होता तरी तो चाचपतच राहिला. शेवटी मी उठून उभा राहिलो, पाय टेकवून दाखवला. मग तो उठायला गेला, पण त्याला उठता येईना. मी हात दिला. त्याचा उजवा पाय थरथर कापत होता.