माह्याच हातून

सातवीत शाळा सुटली आणि मोठेपणी साताऱ्याहून इतक्या लांब, चंद्रपूरकडच्या माजरीला येऊन मी एका साहेबांचा ड्रायव्हर झालो. हौसेनं घेतलेली जुनी जपानी सेडान म्हणजे साहेबांचा जीव. एकदा ती चढावर खडखडू लागली. आपल्याला जमेल असं वाटून मी ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा नट सैल केला, तो जरा फिरवला आणि गाडी आणखीच बिघडवली.

साहेब स्वतःच मला घेऊन नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. त्या दिवशी ऐकून तो 'टायमिंग हललं' एवढंच म्हणाला. मग त्यानं नटावरचे ताजे ओरखडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"टायमिंग कोणी हलवलं?" साहेबांनी विचारलं. नोकरी गेली तर जाणार कुठे?

"माह्याच हातून नट ढिला राह्यला असंन, साहेब," मेकॅनिक म्हणाला.

"डोळे मिटून काम करता, दुसरं काय होणार!" साहेब ओरडले. मी नजर नटावरच ठेवली.

साहेब फोनवर बोलायला बाजूला गेले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "भाऊ, नट सोडाच्या आधी खडूनं खूण करत जा. मंग जागा चुकत नाई. अन् इतका काऊन घाबरून राह्यला?"

आभार मानायचे होते. तोंडातून नुसतं 'हो' निघालं.

आता साहेबांचा त्याच्यावर भरवसा राहिला नाही; गाडी ते चंद्रपूरला दाखवतात. तिकडे नेतो मीच, त्याच्या दुकानावरून. तो हात वर करतो. मी समोर बघत राहतो.