भूदास चित्रकार आणि मेधाकाकूंचं पॉटलक

"मुलगी गुणी आहे गं. त्यांच्यातली वाटतच नाही!"

अमेरिकेत, हर्नडनला मेधाकाकूंच्या किचनमधून हे वाक्य आलं, तेव्हा मी दाराबाहेर पॉटलकसाठी घरून केलेल्या भरल्या वांग्यांचा ट्रे धरून उभी होते. नुकतंच लग्न झालेलं. मी बौद्ध, नवरा अनिकेत काकूंच्यातला. आत गेले, हसले, ट्रे ठेवला. कमी बोलणाऱ्या माणसाकडे असे किस्से आपोआप साठतात. टाकायचे कुठे, एवढाच प्रश्न!

*

समीर हा अनिकेतचा जिगरी दोस्त. मी एकोणिसाव्या शतकातल्या एका रशियन चित्रकारावर पीएचडी करतेय, हे ऐकून म्हणाला, "ॲडमिशन कशी मिळाली? इथेही रिझर्व्हेशन आलं की काय!"

सगळे हसले. अनिकेतसुद्धा! गाडीत म्हणाला, "जोक होता यार."

"मग मला समजाव ना."

तो घरापर्यंत मॅप बघत राहिला. रोजच्याच रस्त्यावर!

*

"आडनाव बदललंस का?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"बदल गं. तुझ्याच सोयीचं!"

काकूंनी स्वतःचं माहेरचं आडनाव हायफन लावून जपलंय.

*

माझा चित्रकार भूदास होता, म्हणजे जमिनीबरोबर विकला जाणारा माणूस. मालकाने त्याला मिठाई शिकायला पाठवलं. चित्रकला तो चोरून शिकला. मग मालक त्याच्याकडून घरच्यांची पोर्ट्रेट्स काढून घ्यायचा, कुंपणही रंगवून घ्यायचा आणि वर पाहुण्यांना वाढायला उभा करायचा.

हे सगळं काकूंना सांगितलं. "किती इंटरेस्टिंग!" त्या म्हणाल्या. "बरं, तू आर्टवाली ना? शनिवारी दारात रांगोळी तूच काढ. आणि मग आत वाढायला ये!"

*

पुढे काकूंनीच पॉटलकला माझं प्रेझेंटेशन ठेवलं. आदल्या दिवशी फोन. "ते गुलामीचं कट कर गं. लोक रिलॅक्स व्हायला येतात."

नाही केलं. शेवटच्या स्लाइडवर चित्रकाराने काढलेलं स्वतःच्या मुलाचं चित्र होतं. बापाला मालकाने चाळिशी उलटल्यावर मुक्त केलं. मुलाला मात्र ठेवून घेतलं!

मग काकू म्हणाल्या, "पण सोडलं ना शेवटी? मालक मोठ्या मनाचाच म्हणायचा."

समीरने मान डोलावली. अनिकेत डोळ्यांनीच मला म्हणत होता, नको.

"हो ना काकू," मी म्हणाले. "तोही पाहुण्यांना कौतुकाने सांगत असेल, गुणी आहे हो, त्यांच्यातला वाटतच नाही!"