देवानं आत्याला सांगितलं, गाडी शिक

माझी आत्या कोर्टात लघुलेखक होती. दुसऱ्यानं बोललेलं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, मधे तोंड घालायचं नाही, हे तिचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर ती पांढरकवड्याला माझ्याकडे राहायला आली. मी इथल्या कॉलेजात शिकवते. घरात आम्ही दोघीच.

एका सकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "मले देवानं गाडी शिकाले सांगितलं."

"स्कूटी?"

"नाई. चारचाकी."

आत्याचं वय साठीच्या पुढे गेलेलं. तिला सायकलसुद्धा येत नव्हती. मी हातातला चहा खाली ठेवला.

"कशाला पण?"

"ते नाई सांगितलं."

"मग विचारायचं ना!"

"कोर्टात जजसाहेबाले कोणी विचारते काय, हे वाक्य कायले लिहाले लावता म्हणून?"

देवाचा आवाज कसा होता, असंही मी विचारून पाहिलं. आवाज वगैरे काही नव्हता म्हणे. घरातून निघाल्यावर गॅस चालूच राहिला हे जसं एकदम ध्यानात येतं, तसं तिच्या ध्यानात आलं. माझं देवाशी नातं परीक्षेच्या काळापुरतं, त्यामुळे मी पुढे वाद घातला नाही. वाटलं, दोन दिवसांत विसरेल.

ती कसली विसरते! सोमवारपासून दारात ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी राहू लागली. शिकवणारे मास्तर गरीब स्वभावाचे. आत्या शेजारी बसली की त्यांचा हात कायम हँडब्रेकवर असायचा. आमचं गाव हैदराबादच्या हायवेवर, ट्रकना तोटा नाही. समोरून मोठा ट्रक आला की आत्या गाडी कडेला घ्यायची, थांबवायची आणि त्याला हात जोडायची. ट्रकवाले आधी गोंधळायचे, मग तेही हात जोडायचे.

एकदा मात्र गाडी मागे घेताना तिनं समोरच्या घराच्या फाटकाचा खांब पाडला. सगळ्या गल्लीत नेमका तोच खांब पडायला नको होता. समोरच्या काकू आणि आत्या यांच्यात कूलरच्या पाण्यावरून वैर होतं. बोलणं बंद होऊन कित्येक उन्हाळे गेले होते. काकू धावत बाहेर आल्या आणि मास्तरांकडे बघून ओरडल्या, "इचारा ना त्याइले, देवानं डोळे मिटून चालवाले सांगितलं काय?"

आत्यानं खांब बांधून दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही.

लायसन्स मिळालं. जुनी पांढरी गाडी दारात आली. आणि देव गप्प झाला.

आत्या रोज सकाळी गाडी पुसायची, देवघरासमोर बसायची आणि विचारायची, "मंग? आता कुठी?" उत्तर नाही. गाडी भाजीबाजारात जाऊन यायची, बस. लोक हसायचे. मीही हसत होते, खोटं कशाला बोलू. एका संध्याकाळी मात्र ती पायरीवर बसून बराच वेळ गाडीकडे बघत राहिली.

"मले चुकीचं तं ऐकू नसन आलं?" ती म्हणाली. मग उठली आणि पदर झटकून म्हणाली, "जेवढं सांगितलं तेवढं केलं आपण. पुढचं त्याचं तो पाहीन."

हिवाळा लागला तेव्हा समोरचे काका आमच्या फाटकाशी आले. काकूंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिसला न्यायचं होतं. तेव्हा ती सोय आमच्या गावात नव्हती. मुलगा हैदराबादला, काकांना धड दिसत नाही, सकाळी लवकर पोचेल अशी बस नाही. हे सगळं सांगून झालं तरी ते मुद्द्यावर येईनात. नुसते गाडीकडे बघत राहिले.

आत्या तडक आत गेली. देवघरातून तिचा दबका पण चिडका आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"हिच्यासाठी? अख्ख्या गावात दुसरं कोणी नाई भेटलं तुले?"

थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि काकांना म्हणाली, "सकाळी किती वाजता निघाचं?"

पहिल्या काही फेऱ्या मुक्यानंच झाल्या. काकू मागे बसायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. पुढे एसी कमी-जास्त करण्यावरून बोलणं सुरू झालं, मग भांडण सुरू झालं आणि भांडता भांडता 'तुम्ही'चं 'तू' झालं. काकूंना पाणी मोजूनच प्यायचं असे. म्हणून आत्या डब्यात बर्फाचे खडे न्यायची. काकू एक खडा तोंडात धरायच्या, तेवढा वेळ गाडीत शांतता असायची.

नाताळच्या सुट्टीत एकदा मी सोबत गेले. गावाबाहेर पडलो आणि धुक्यानं रस्ताच गिळला. बॉनेटच्या पुढचं काही दिसेना.

"परत फिर," मी म्हणाले.

"फिरू कशी? मांगचं तरी कुठी दिसून राह्यलं?"

मागून काकूंचा जप सुरू झाला. आत्या म्हणाली, "जरा मनात म्हण वं, मले हॉर्न ऐकू येत नाई." तेवढ्यात समोर एका ट्रकचा लाल दिवा दिसला. आत्या खूश झाली. "पाह्य, पाठवला का नाई त्यानं? आता याच्या मांगं मांगं चालाचं."

आम्ही त्या दिव्यामागे अगदी भक्तिभावानं चाललो. ट्रक वळला, आम्ही वळलो. ट्रक थांबला, आम्ही थांबलो. खिडकीवर टकटक झाली. कानटोपी घातलेला एक वॉचमन आत वाकून विचारत होता, "कापूस कुठी हाय तुमचा?"

आम्ही एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या आवारात, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत उभ्या होतो.

सगळ्यात आधी काकू हसल्या. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. "काय वं," त्या आत्याला म्हणाल्या, "मले कापसासंगं इकाले आणलं काय इथं?" आत्याचं डोकं हसून हसून स्टिअरिंगवर टेकलं आणि हॉर्न वाजला. वॉचमननं शेकोटीजवळ बसवलं, आम्हा तिघींना चहा दिला. काकूंनी घोटभरच घेतला.

धुकं विरेपर्यंत तिथेच बसलो. तेव्हा काकूंनी हळूच विचारलं, "मी आजारी पडीन म्हणून तुले देवानं आधीच गाडी शिकवली काय?"

आत्यानं शेकोटीत एक काडी सरकवली. "मले काय माहीत? त्यानं गाडी शिक म्हटलं, मी शिकली. तुह्यं नाव घेतलं असतं तं शिकलीच नसती."

काकूंना ते पटलेलं दिसलं. दवाखान्यात उशिरा पोचलो म्हणून नर्सची बोलणी तिघींनी मिळून खाल्ली.

पुढे आमच्याच गावात डायलिसिसची मशीन आली. काकू रिक्षानं जाऊ लागल्या. पहिल्या मोकळ्या मंगळवारी आत्या सवयीनं पहाटेच उठली आणि ओट्याशी नुसतीच उभी राहिली. मला वाईट वाटलं. तेवढ्यात फाटक वाजलं. नवी साडी नेसून, पिशवी घेऊन काकू उभ्या होत्या.

"मारेगावले माह्या भावाकडं नेतं काय? आजारपणापासून माहेरी गेली नाई मी."

आत्यानं चावी उचलली. संध्याकाळी दोघी परतल्या त्या डिकीभर वांगी आणि एक ताजं भांडण घेऊन. भावजयीनं भाजीत तेल जास्त घातलं होतं की कमी, यावर दोघींचं एकमत होत नव्हतं.