निरंक

लातूरच्या एका महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवला. शेवटची काही वर्षं तिथल्या महिला तक्रार समितीची अध्यक्षही होते. अध्यक्षपदाला ज्येष्ठ बाई लागते आणि सगळ्यांत ज्येष्ठ मीच होते, एवढंच. वर्षातून दोनदा आम्ही जमायचो, चहा घ्यायचो, रजिस्टरवर सह्या करायचो आणि आपापल्या तासाला निघून जायचो.

ग्रंथालयात कंत्राटावर काम करणारी एक मुलगी होती. रोज औशाहून एसटीने यायची. एका दुपारी स्टाफरूममध्ये मी एकटीच आहे हे बघून ती आत आली. हातात वहीचं फाडलेलं पान होतं.

"मॅडम, ह्ये तुमच्यापाशी द्यायचं असतंय म्हणले."

एका विभागप्रमुखांनी पुस्तकं घेऊन केबिनमध्ये बोलावलं आणि हात धरला, असं तिने लिहिलं होतं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तिने हात सोडवून घेतला तेव्हा ते हसले. 'हसले' या शब्दाखाली तिने रेघ ओढली होती.

वाचून मी पहिला प्रश्न विचारला, "घरी माहीत आहे का?" तो प्रश्न मला अजून टोचतो.

बैठक झाली. आम्ही चार बायका आणि बाहेरचे एक वकील. सर आले, हात जोडले, "मला मुलीसारखी आहे ती," म्हणाले आणि पाच मिनिटांत गेले. तिला मात्र आम्ही दीड तास बसवून ठेवलं. पहिल्यांदा हात धरला तेव्हा ओरडली का नाहीस? दुसऱ्यांदा गेलीसच कशाला? विचारणाऱ्या आम्ही बायकाच होतो.

"सरांनी बोलावल्यावर न्हाई कसं म्हणू?" ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. "बघा मॅडम, यात पोरीचंच नाव खराब होईल." आवाज अगदी मऊ होता. माझी लेक महाविद्यालयाच्याच संस्थेच्या शाळेत तात्पुरत्या जागेवर शिकवत होती. तो विषय त्यांनी काढला नाही. काढायची गरजही नव्हती.

पुढच्या बैठकीला मुलीची आई सोबत आली. खुर्चीवर बसायला तयार होईना. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, लेकीची सोयरीक जमायलीय. तेवढा कागद परत द्या."

मुलगी आईकडे न बघता माझ्याकडे बघत होती. "मॅडम, तुम्ही म्हणत असाल तर मी न्हाई मागं घेत."

'नको घेऊस' हे दोन शब्द माझ्या तोंडात होते.

"आई म्हणतात तसं कर," मी म्हणाले.

तिने सही केली. जूनमध्ये तिचं कंत्राट वाढवलं नाही. वार्षिक अहवालात 'प्राप्त तक्रारी' या रकान्यापुढे ऑफिसातल्या बाबूंनी 'निरंक' लिहून आणलं. मी विचारलं तर म्हणाले, "मागे घेतलेली धरत नाहीत, मॅडम." त्याखाली मी सही केली. पुढच्या महिला दिनाला तेच सर प्रमुख वक्ते होते, आणि आभार मी मानले. मी निवृत्त होईपर्यंत समितीकडे पुन्हा एकही कागद आला नाही. वातावरण चांगलं आहे, असं प्राचार्य प्रत्येक सभेत सांगायचे.

गेल्या वर्षी एका लग्नाला औशाला गेले होते. परतताना स्टँडवर ती दिसली. कडेवर मूल होतं. तिनेच हाक मारली, वाकून नमस्कार केला. मी मागे सरले, तरी केलाच.

"आता कुठे काम करतेस?"

"न्हाई करत. आमचे हे म्हणतात, बाहेरची माणसं चांगली नसतात." मूल दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "बरोबरच हाय की, मॅडम."

लातूरची गाडी लागली होती. तिने माझी पिशवी उचलून वर दिली, आणि मी ती उभी होती त्या बाजूची खिडकीची जागा सोडून पलीकडे बसले.