मर्ल स्विगमची धाव

एल्मडेलच्या कॉफीच्या दुकानात मर्ल स्विगम शिरला, की कुणीतरी 'त्या' धावेचा विषय काढायचंच. कॉलेजच्या संघातून खेळताना, भुरभुरत्या बर्फात, अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू काखोटीला मारून त्याने निम्मं मैदान कापलं होतं, अंगावर आलेले तीन गडी ओढत नेत रेषेपलीकडे पडला होता, आणि त्या इवल्याशा कॉलेजने पहिली नि शेवटची विभागीय ढाल जिंकली होती. सांगणाऱ्यागणिक गडी वाढायचे; हार्डवेअरच्या दुकानदाराने अलीकडे ते सातवर नेले होते. मर्ल कॉफी ढवळत नुसती मान डोलवायचा. लोक म्हणायचे, किती विनयी माणूस.

विनय कसला डोंबलाचा! मर्लला त्या धावेतलं काहीच आठवत नव्हतं. आधीच्या धडकेत डोकं जमिनीवर आपटलं, तेवढं लक्षात होतं. तेव्हाच्या कोचने पाठीवर थाप मारून त्याला परत आत ढकललं, हे मागाहून कळलं. त्यानंतर एकदम आईचं स्वयंपाकघर आणि पुढ्यात केकचा तुकडा. मधलं सगळं कोरं. गावाने सांगून सांगून ती धाव त्याच्याकडून पाठ करून घेतली. खरं काय ते फक्त बायकोला, आर्लिसला माहीत होतं. गावाच्या आनंदावर पाणी कशाला ओता, असं तो तिला म्हणायचा.

त्या धावेच्या पुण्याईवर त्याला त्याच कॉलेजात कोचची नोकरी मिळाली आणि जन्म तिथेच गेला. मैदानावरच्या पांढऱ्या रेषा तो स्वतः आखायचा. हिवाळ्यात संघासाठी पोरं मिळवायला आडगावच्या शेतघरांत जाऊन आईबापांपुढे बसायचा, सोयरीक जमवायला आल्यासारखा, आणि पुढे येईल ते मुकाट खायचा. निघताना एकच शब्द द्यायचा, की तुमच्या पोराच्या डोक्याला लागलं तर त्या दिवशी तो परत आत जाणार नाही. बापांचे चेहरे पडायचे. आया मात्र आणखी एक वाटी बटाटे वाढायच्या.

ढाल काही पुन्हा आली नाही. ती त्याला हवी होती, फार हवी होती. निदान एक तरी विजय असा, जो त्याला स्वतःला आठवेल.

निवृत्तीच्या वर्षी ढाल दाराशी आली. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, तो जिंकला की ढाल आपली. एल्मडेल चार गुणांनी मागे, मिनिटं थोडीच उरलेली, पण चेंडू ट्रेंट बाकेनच्या हातात होता. चेंडू फेकावा तर ट्रेंटनेच. गाव त्याच्यावर जीव टाकत होतं. तेवढ्यात दोघांनी त्याला आडवा केला. ट्रेंट उठला, अंग झटकलं, आणि सरळ समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला.

प्रेक्षक हसले. मर्लने धावत जाऊन पोराला आपल्या बाकावर आणलं आणि त्याचं हेल्मेट काढून घेतलं. हेल्मेट नसलं की आत जाता येत नाही, आणि ते पोरांच्या हाताशी ठेवलं की ती डोळा चुकवून आत पळतात, हे प्रत्येक कोचला ठाऊक असतं. ट्रेंट विनवण्या करत राहिला. वरून गाव ओरडत होतं, त्यात हार्डवेअरवाल्याचा आवाज सगळ्यांत मोठा. मर्लने हेल्मेट छातीशी घट्ट धरलं नि राखीव पोराला आत पाठवलं. त्याची दुसरीच फेक प्रतिपक्षाच्या हातात पडली. खेळ खलास.

डॉक्टर तपासून गेल्यावर कपडे बदलायच्या खोलीत दोघंच उरले. ट्रेंट भिंतीकडे बघत म्हणाला, "तुमच्याकडे तुमची धाव आहे, कोच. माझी तुम्ही घेतलीत."

मर्ल त्याच्या शेजारी बसला. "माझ्याकडे नाहीये रे ती. गावाकडे आहे. मी पळालो म्हणतात, पण मला त्यातलं एक पाऊल आठवत नाही. जन्मभर दुसऱ्यांकडून ऐकत आलोय."

आई न्यायला आली, तसा ट्रेंट उठून गेला.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात मर्लशी कुणी धड बोलेना. शेवटी हार्डवेअरवाल्यालाच राहवलं नाही. मलमपट्टी म्हणून त्याने त्या धावेची गोष्ट सुरू केली. तो सात गड्यांपर्यंत पोचतोय, तोच कोपऱ्यात आईबरोबर बसलेला ट्रेंट तिला तिथेच सोडून उठला आणि मर्लसमोर येऊन बसला.

"कोच, कालचं सांगू? धडक नाही आठवत मला. पण बाकावर बसल्यापासूनचं सगळं आठवतंय."

"सांग."

त्याने सांगितलं. राखीव पोराची धांदल, हुकलेली फेक, गावाच्या शिव्या, सगळं. सगळं दुकान ऐकत होतं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तुम्ही माझं हेल्मेट धरून रडत होतात."

मर्लने कॉफी ढवळली.

"तेवढं विसरलास तरी चालेल," तो म्हणाला.