सर्जेरावतात्यांच्या चपला

कळसच्या शिवारात कुणाची पाइपलाइन कुठून गेलीय, हे कागदावर कुठंच नाही. ते फक्त आमच्या मामंजींना, सर्जेरावतात्यांना ठाऊक. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या रानात चर खोदून पाइप गाडले. नकाशा काढून ठेवा म्हटलं की नुसते हसायचे.

गेल्या वर्षी मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हिंडायफिरायला लागले, बोलायला लागले; पण जुनं काही विचारलं की आठवायचं नाही, हात कपाळाला. गावानं त्यांना लगेच मोडीत काढलं. मला भयंकर राग यायचा.

यंदा उन्हाळ्यात आमचीच लाइन बंद पडली. व्हॉल्व्ह उसात कुठंतरी मातीखाली. माझा दीर ऋषिराज कागद-पेन घेऊन दोन दिवस तात्यांच्या मागं लागला आणि शेवटी त्यानं जेसीबीच बोलावला. म्हणजे उभा ऊस उखडणार. तात्या ओट्यावर मान खाली घालून बसलेले.

"भावजी, तासभर थांबा," मी म्हणाले.

बारामतीच्या डॉक्टरांचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. आठवण मेंदूत एका जागी नसते म्हणे. पाहिलेलं एकीकडे, वास दुसरीकडे, पायांची सवय तिसरीकडे. त्यांना एकत्र बांधणारा भाग तात्यांचा दुखावलाय. पण एक टोक हाताला लागलं की बाकीची एकमेकांना हाका मारतात. अन् आमचे शहाणे टोक म्हणून देत होते काय, तर कागद! तात्यांनी कागदावर कधी पाइप गाडला होता का?

त्यांना रानात नेलं. बांधावर त्यांनी चपला काढल्या. तापल्या मातीतून चालत एका जागी थांबले आणि वर पाहिलं. तिथला लिंब तोडून वीस वर्षं झाली होती. तिथून वळून ते सरळ उसात शिरले, ओठांत पावलं मोजली आणि टाच रोवली.

"हितं."

"नक्की का, तात्या?" ऋषिराज म्हणाला.

"खोरं आण!"

तो आवाज वर्षभर ऐकला नव्हता. दोन फुटांवर खोरं लोखंडावर वाजलं. व्हॉल्व्ह फिरवला, सरीत पाणी आलं, आणि मी तिथंच रडले. जेसीबी आला तसा परत गेला.

आठवड्यानं सांगवीहून दोघं मोटारसायकलवर आले. "तात्या, आमची लाइन तुमीच टाकलेली. वळखलं का आमाला?"

"न्हाय," तात्या म्हणाले, आणि चपला काढून माझ्या हातात दिल्या. "रान कुठं हाय, तेवढं दावा."