कालवडीवरची नजर

माझी थोरली जाऊ नेसा एकोणीस हिवाळे माझ्या नवऱ्याकडे टक लावून बघत होती, आणि वर गावाने तिला ते कामच दिलं होतं. असं मी म्हणायचे. तिच्या तोंडावर नाही, भांडी घासताना.

आमच्या प्लाउन गावातून खाली खोऱ्यात जायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्याच्या डोक्यावर कालवडीचा उतार. हे नाव माझ्या आजेसासऱ्यांच्याही आधीचं. खऱ्या कालवडीसारखी ती शांत उभी असते आणि कारण नसताना उधळते. बर्फ साचला की हेलिकॉप्टरमधून सुरुंग टाकून तिला मुद्दाम उधळवायचं, म्हणजे वरचा बर्फ आधीच खाली पाडायचा. मग माझा जाखेन बर्फ हटवायचं यंत्र घेऊन रस्ता मोकळा करायचा, आणि तो खाली असेपर्यंत समोरच्या डोंगरावरच्या टपरीत नेसा वॉकीटॉकी घेऊन उभी राहायची. वर काही हललं की एकच शब्द: "मागे!"

बाई उंच, खांदे पुरुषी, जवाचं सूप खारट. थोरले दीर आठवडाभर खाली वीजघरात, त्यामुळे हिला रान मोकळं. रोज सकाळी सातला शेळ्यांच्या गोठ्यामागे बर्फात काठी घालून मापं घ्यायची आणि आमच्याकडे फोन करायची. मग न्याहारीला बसलं की सुरू.

"नेसा म्हणते, वरचा थर कच्चा आहे."

"कॉफी गार होतेय, असं म्हणाली का नेसा?" मी विचारायचे.

एका हिवाळ्यात जाखेनचा डबा द्यायला गेले आणि यंत्रात त्याच्याशेजारी बसले. उताराखालच्या वळणावर आल्यावर त्याने टपरीच्या दिशेने हात हलवला.

"कोणाला?"

"नेसाला. रोजचंच आहे."

रोजचंच! अंगाचा नुसता तिळपापड झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अंगणातून हात हलवला नाही कधी या माणसाने.

यंदा फेब्रुवारीत माप घेताना नेसा घसरली आणि तिचा पाय मोडला. त्याच आठवड्यात तीन दिवस बर्फ पडला, रस्ता बंद झाला. सुरुंगवाले हेलिकॉप्टरबरोबर पुढच्या घाटात गेलेले. टपरीत उभं राहायला कोणी नव्हतं. नेसाने मला बोलावून घेतलं.

"तू जा, मेंगिया. तुझी नजर चांगली आहे. एकोणीस वर्षं माझ्यावर ठेवली आहेस ना?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तिला सगळं माहीत होतं.

"नीट ऐक," ती म्हणाली. "डाव्या घळीतला सगळा बर्फ उतरलाय. उजवीकडे वर एक तुकडा अजून बसून आहे. ऊन तिथे अकराला पोचतं. त्याआधी जाखेन वळणामागच्या बोगद्यात परत हवा. आणि तू फक्त त्या तुकड्याकडे बघायचं. रस्त्याकडे नाही."

"आणि त्याच्याकडे?"

"त्याच्याकडे तर मुळीच नाही."

आठला मी टपरीत उभी राहिले. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसं बघत होते. पांढऱ्यावर पांढरं, त्यात एक वेडावाकडा तुकडा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पाय बधिर झाले. खालून यंत्राची घरघर तेवढी येत होती. अडीच तास माझी मान जागची हलली नाही, याचा मला अभिमानसुद्धा वाटला.

अकराला वीस मिनिटं होती. घरघरीवरून कळलं, जाखेन वळणावर आलाय. मला राहवलं नाही. एकदाच बघू म्हटलं.

त्याने हात हलवला.

मीही हलवला. वेडीसारखी हसले. मान वर केली तेव्हा तुकड्याच्या वरच्या कडेला एक काळी रेघ होती, ती मघाशी नव्हती. बघता बघता रेघ रुंद झाली.

"मागे! मागे! जाखेन, मागे!"

यंत्र मागे सरकलं, किती सावकाश ते माझं मला माहीत. मग पांढऱ्या धुरळ्यात रस्ता, वळण, यंत्र, काहीच दिसेना. मी बटण दाबून त्याचं नाव घेत राहिले, आणि बटण सोडल्याशिवाय पलीकडचं ऐकू येत नाही हेही विसरले. सोडलं तेव्हा तो म्हणत होता, "अगं, बोगद्यात आहे मी. ओरडू नकोस."

वळणावर दोन माणसं उंच बर्फ पडला होता.

दुपारी नेसाकडे गेले. तिने पहिलं हेच विचारलं, "रेघ कधी दिसली?"

खोटं बोलता आलं असतं. "उशिरा. तो हात हलवत होता, मी तिकडे बघत होते."

"कोण हात हलवत होता?"

"जाखेन. वळणावर. तुला रोज हलवतो ना."

"मला?" नेसा खरंच चक्रावली. "अगं, त्याच्या यंत्राचा रंग कोणता ते विचारलंस तर मला सांगता यायचं नाही."

आधी मला बरं वाटलं, मग लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर परत थोडं जळलंच. न बघणं हिला जमतं कसं?

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर जाखेन म्हणाला, "मी हात केला होता. दिसला?"

"नाही," मी म्हटलं. "मी वर बघत होते."

तो जरा हिरमुसला. "नेसाला दिसायचा," म्हणाला.

मी त्याला सूप वाढलं.